गावाचं दुःख लिहिणारा लेखक त्याच गावात येतो तेव्हा

शेवंता_वाचते (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस एक प्रश्न मनात घोळतोय. लेखकाने एखाद्या छोट्या गावातल्या फसवणुकीवर, मरणावर कादंबरी लिहिली, तर ज्यांच्यावर ते गुदरलं त्यांचं तो काही देणं लागतो का? लागत असेल तर काय?

कादंबरी अशी. तालुक्याचं गाव, कापसाचा पट्टा, दोन जिनिंग, बाजार समिती आणि एक पतसंस्था. पतसंस्था बुडते. मुलीच्या लग्नाचे पैसे गेलेला बाप आणि ते पैसे रोज दारावर येऊन गोळा करणारा पिग्मी एजंट एकाच वाड्यात राहतात, एकाच नळावर पाणी भरतात. कोणी कोणाला मारत नाही. नुसतं बोलणं बंद होतं. मग एजंटच्या पोरांशी खेळणं बंद होतं, मग त्याच्या बायकोला हळदीकुंकवाचं बोलावणं बंद होतं. एक दिवस तो विहिरीत सापडतो. दुसऱ्या दिवशी गाव भांडतं ते विहिरीचा उपसा कोणाच्या खर्चाने करायचा यावर. त्या प्रकरणानंतर पुस्तक मिटलं ते बरेच दिवस उघडवेना.

ज्या गावाची ही गोष्ट आहे असं सगळे मानतात तिथे माझी मावशी राहते. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, तिथल्या सार्वजनिक वाचनालयाने लेखकाला बोलावलं. मी मुद्दाम गेले. हॉल भरला होता. एक निवृत्त गुरुजी उठले आणि तावातावाने म्हणाले, "आमच्या गावात व्यायामशाळा आहे, शंभरी गाठत आलेलं वाचनालय आहे, तुम्हाला विहीरच कशी दिसली? गावाचं नाव खराब केलंत." लेखक म्हणाले, "गुरुजी, नाव मी कुठेच लिहिलेलं नाही. तुम्ही ओळखलंत." लोक हसले. मला ते उत्तर जरा जास्तच तयार वाटलं.

मग मागच्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पुस्तकात ती म्हातारी संस्थेच्या दारात बसून रडते. माझ्या आईचे पैसे होते तिथे. ती रडली नाही. शटर बंद झाल्यावरसुद्धा ती दर सोमवारी पासबुक घेऊन जायची, शटरसमोर उभी राहायची आणि परत यायची. मरेपर्यंत." हॉल एकदम गप्प. लेखकाकडे या वेळी तयार उत्तर नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "सोमवारीच का?" आणि खिशातून छोटी वही काढून त्या बोलत असतानाच काहीतरी लिहून घेतलं.

नंतर चहाला आम्ही चार-पाच जण होतो. माणूस साधा, मोकळा. मावशीच्या हातच्या कळण्याच्या भाकरीची चौकशी करणारा. मला आवडले ते. पण ती वही मनातून जात नाही. त्या बाईंच्या आईचं दुःख त्यांनी आमच्यादेखत उचललं असं एकदा वाटतं, आणि हेच तर त्यांचं काम असंही वाटतं.

लेखकाचं, पुस्तकाचं, गावाचं नाव लिहीत नाही. त्या बाई बोलल्या त्या आपल्या ओळखीच्या माणसांसमोर. ते सगळ्या जगासमोर न्यायचा हक्क मला नाही.

---

चकली_भाजणी

वाचतेय. विहिरीच्या उपशावरून भांडण… आमच्याकडे असंच झालं होतं. काटा आला अंगावर.

---

अमोल_नाशिक

कादंबरी ओळखली बहुतेक! लेखक जळगाव जिल्ह्यातले ना? आडनाव 'प' वरून?

---

गंमतराव

अमोलशेठ, जळगाव जिल्ह्यात 'प' वरून आडनाव शोधायला बसलात तर अर्धी मतदार यादी वाचावी लागेल.

---

शेवंता_वाचते

अमोल, विनंती आहे, ओळखायचा खेळ नको. त्या हॉलमध्येही अर्धे लोक हेच करत होते, 'तो चेअरमन म्हणजे अमकाच ना'. मावशीच्या शेजारच्यांनी तर पुस्तकाच्या मागच्या पानावर पेन्सिलीने यादी करून ठेवली आहे, कोणतं पात्र म्हणजे गावातलं कोण.

---

अमोल_नाशिक

बरं, नाही विचारत. पण ती यादी मला वाचायला आवडेल हे खरं. 🙂

---

वऱ्हाडी_ठसा

ताई, तुमचा प्रश्न वाचला अन् मले 'धग' आठवली. उद्धव शेळक्यायची, १९६० सालची. आमच्या अमरावतीकडची गोष्ट. कौतिक, तिचा नवरा महादेव, त्याले झालेला महारोग. मी कॉलेजात असतानी मायले वाचून दाखवली. माय भाकरी थापता थापता आयके. मधात थांबली अन् म्हने, "हे त कोनं पाह्यलं रे आपल्या घरातलं?" आमच्या घरात कोनाले महारोग नोयता झाला. पन बाईनं घर वढनं, नवऱ्याचं काहीच कामाचं नसनं, पोरगं हातचं जानं, हे सगळं तिनं भोगलं होतं.

तिले राग नाही आला. तिले वाटलं का कोनीतरी मोजलं. म्हनून म्हनतो, लेखकाचं देनं एकच, बरोबर पाह्यनं. माय शिकेल नोयती, पन खोटं असतं त तिनं तवाच पकडलं असतं.

---

अनुजा_क

मला ती वही अजिबात पटली नाही. स्पष्ट लिहिते.

एक बाई भर सभेत आपल्या मेलेल्या आईबद्दल बोलते आहे. तिचा आवाज कापत असेल. अशा वेळी समोरच्या माणसाने तिच्याकडे बघायचं असतं. हा माणूस वहीत बघतोय. माझे आजोबा साखर कारखान्याच्या संपात होते. त्यांच्यावर एकाने कथा लिहिली. छान लिहिली म्हणतात, तिला पुढे बक्षीसही मिळालं. आजोबांना ती कथा छापून आल्याचं कळलं ते किराणा दुकानदाराकडून. त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण त्या माणसाशी पुन्हा बोललेही नाहीत. ज्याचं जगणं घेतलं त्याला साधं सांगायला येणं, एवढीही अपेक्षा ठेवायची नाही का?

---

तळकोकण

अनुजाताई, तुमच्या आजोबांचं दुखणं समजतं. तरी माझं मत वेगळं आहे. लेखक कोणाचं काही देणं लागत नाही. लागायला लागला की तो भिऊन लिहितो, आणि भिऊन लिहिलेलं पुस्तक गावाच्याही उपयोगाचं नसतं.

आमच्याकडचं बघा. चिं. त्र्यं. खानोलकर कुडाळला खानावळ चालवत होते. म्हणजे पंचक्रोशीतल्या माणसांना जेवायला वाढणारा माणूस. त्याच माणसाने 'रात्र काळी, घागर काळी' लिहिली, 'कोंडुरा' लिहिली. त्यातली माणसं, त्यांची वासना, देवाची भीती, शाप, हे सगळं त्यांनी काय परवानगी मागून घेतलं असेल? कोणाला विचारणार? आणि जयवंत दळवी. 'सारे प्रवासी घडीचे' वाचून हसून हसून पुरेवाट होते, पण जरा थांबून बघा, त्या गावात किती एकटी माणसं आहेत. त्याच दळवींनी 'चक्र'मध्ये मुंबईची झोपडपट्टी लिहिली. आमच्या आरवलीला गेलात तर वेतोबाच्या देवळाबरोबर दळवींचं घर कुठलं हेही लोक हौसेने सांगतात. आधी चिडलेलं गावच पुढे मिरवतं.

---

अनुजा_क

मिरवतात ते लेखक मोठा झाल्यावर. ज्या म्हातारीवर लिहिलं तिला मिरवायला कोण बोलावतं?

---

जमाखर्च

मी सहकार खात्याच्या पॅनेलवर लेखापरीक्षक होतो, आता निवृत्त. साहित्यातलं मला फार कळत नाही, पण पतसंस्था बुडताना जवळून पाहिल्या आहेत. म्हणून या कादंबरीतलं काय खरं वाटतं ते सांगतो.

पिग्मी एजंट विहिरीत सापडतो, चेअरमन नाही. हे अगदी बरोबर पकडलंय. पिग्मी म्हणजे रोजची बचत, ही योजना मुळात सिंडिकेट बँकेने १९२८ साली सुरू केली. चहावाला, भाजीवाली, शिलाईवाली यांच्याकडून रोज पाच-दहा रुपये दारावर जाऊन घ्यायचे. लोक विश्वास ठेवतात तो संस्थेवर नाही, त्या पोरावर. ते पोर त्यांच्याच गल्लीतलं असतं, कमिशनवर काम करतं, आणि बहुतेक वेळा त्याची स्वतःची, सासऱ्याची, बहिणीची ठेवही तिथेच असते. संस्था बुडते तेव्हा चेअरमन पुण्याला मुलाकडे जातो. एजंट कुठे जाणार?

बुडते कशी, तेही थोडक्यात. संचालक आपल्याच नातेवाइकांना, कधी नोकराच्या नावावर, अपुऱ्या तारणावर कर्जं देतात. हप्ते थकले की जुनं कर्ज फेडायला नवीन कर्ज दाखवतात. कागदावर थकबाकी शून्य. आमच्या अहवालात शेरे असतात, पण वार्षिक सभेत तो अहवाल 'वाचला असे समजण्यात येते'. बाहेर एक-दीड टक्का जास्त व्याजाचा फलक लागलेला असतो, त्यामुळे ठेवी येतच राहतात. आणि सर्वांत मोठी गोष्ट लोकांना माहीतच नसते. बँकेतल्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं, पूर्वी एक लाखापर्यंत होतं, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. पासबुक सारखंच दिसतं, काउंटर सारखाच दिसतो, म्हातारीला फरक कसा कळावा?

मग सुरू होतात कलमं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली ८३ ची चौकशी, ८८ खाली नुकसानीची जबाबदारी कोणावर ते ठरवणं, कर्जवसुलीला १०१ चे दाखले, शेवटी १०२ खाली अवसायन, म्हणजे संस्था गुंडाळून तिची देणी-घेणी मिटवणं. प्रत्येक पायरीवर अपील, प्रत्येक अपिलावर स्थगिती. संचालक कोर्टात जातात, ठेवीदार शटरसमोर.

ती आई दर सोमवारी जायची असं वाचलं आणि मला माझ्या नोकरीतली कितीतरी तोंडं आठवली. आम्ही दप्तर तपासत बसायचो आणि दारात अशी माणसं उभी असायची. आत येत नसत. "साहेब, चालू होणार का?" एवढंच. लेखकाने त्या बाईंना 'सोमवारीच का' विचारलं, तो प्रश्न मला फार योग्य वाटला. आमच्यापैकी कोणी विचारला नव्हता.

---

चकली_भाजणी

जमाखर्च काका, स्वतंत्र धागा काढा हो यावर. माझ्या सासूबाईंची ठेव अजून एका पतसंस्थेत आहे. आजच विषय काढते घरी.

---

गंमतराव

'वाचला असे समजण्यात येते' हे काही मराठी समीक्षकांनाही लागू करता येईल.

---

कथेकरी_उमेश

मी थोडंफार लिहितो, दिवाळी अंकांत कथा येतात. वहीबद्दल लिहिणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

ऐकलेली गोष्ट डोक्यात ठेवली की ती गुळगुळीत होते. 'दर सोमवारी' हे महिनाभरात 'दर आठवड्याला' होतं, मग 'वारंवार' होतं, आणि लिहायला बसतो तेव्हा आपण पुन्हा तीच रडणारी म्हातारी लिहितो, कारण रडणारी म्हातारी आपल्या हाताला सवयीची असते. त्या लेखकाचं पहिल्यांदा तेच झालं असणार. त्या बाईंनी त्यांची चूक दाखवली आणि त्यांनी ती जागच्या जागी लिहून घेतली. मला तर यात मान दिसतो. नोट घेतली नसती तर अनुजाताई म्हणाल्या असत्या, बघा, ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पण हेही खरं की मी स्वतः कोणासमोर वही काढत नाही. बाहेर जाऊन, स्कूटरवर बसून लिहितो. तुमच्यासमोर उघडपणे काढणारा माणूस माझ्यापेक्षा प्रामाणिक म्हणायचा.

---

अनुजा_क

उमेश, स्कूटरवर बसून लिहिणं मला खरंच बरं वाटतं. प्रामाणिकपणा आणि समोरच्याचं भान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

---

चेन्नईकर_सुधा

मी गेली अनेक वर्षं तमिळनाडूत राहते, म्हणून इथलं उदाहरण. पेरुमाल मुरुगन यांची 'मादोरुबागन' ही कादंबरी २०१० साली तमिळमध्ये आली. तिरुचेनगोड गावातलं मूल नसलेलं जोडपं, काली आणि पोन्ना, नातेवाइकांचे टोमणे, आणि देवळाच्या उत्सवातली एक जुनी चाल. चार वर्षं गावात कोणी काही बोललं नाही. इंग्रजी अनुवाद झाल्यावर, डिसेंबर २०१४ मध्ये, निषेध सुरू झाले, पुस्तक जाळलं गेलं, गाव बंद झालं. जानेवारी २०१५ मध्ये अधिकाऱ्यांसमोर बैठक घेऊन त्यांच्याकडून माफी लिहून घेतली. त्यानंतर त्यांनी फेसबुकवर जाहीर केलं की लेखक पेरुमाल मुरुगन मेला, आता फक्त शिक्षक उरला. जुलै २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्यांनी पुन्हा लिहावं असं म्हटलं. तेव्हा कुठे ते परत लिहू लागले.

ते त्याच भागातले, तिथल्याच माणसांवर आयुष्यभर लिहिणारे. 'देणं लागतो का' हा प्रश्न वाचकाने प्रेमाने विचारला तर चांगला आहे. पण तोच प्रश्न घोळका घेऊन विचारायला येणारेही असतात. शेवंताताई, तुमच्या हॉलमधले गुरुजी निदान उभे राहून बोलले, उत्तर ऐकून बसले. हे मला फार मोलाचं वाटतं.

---

तळकोकण

सुधाताई, मला हेच म्हणायचं होतं, तुम्ही नेमकं मांडलंत. देण्याची भाषा सुरू झाली की वसुलीला कोण येईल सांगता येत नाही.

---

पुस्तकी_किडा_सांगली

थोडं अवांतर. तुम्ही लोक लेखकांना भेटायला जाता तरी कसे? मी ठरवूनच कधी जात नाही. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहिले, सभा-संमेलनांपासून लांब. 'काजळमाया'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पुस्तकाच्या प्रकाशनकाळावरून वाद झाला तेव्हा त्यांनी तो परत केला. वाचकांशी, मित्रांशी बोलले ते पत्रांतून. सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेल्या पत्रांचा तर अख्खा खंड आहे. लेखकाला भेटायची याहून चांगली रीत मला माहीत नाही. समोरासमोर आपण कळण्याच्या भाकरीवर बोलतो, पत्रात मुद्द्यावर येतो.

---

खान्देशी_मिरची

कळण्याच्या भाकरीवर बोलणं हाच मुद्दा आहे भाऊ! ज्वारी आणि उडदाच्या कळण्याची भाकरी, वर ठेचा, आणि हिवाळा असेल तर भरीत. लेखकाने विचारलं म्हणजे तो तिकडचाच. बामणोदची वांगी, कापसाच्या काड्यांवर भाजलेली. गॅसवर भाजून त्याला भरीत म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

---

चकली_भाजणी

गॅसवर भाजते. वाद घाला.

---

खान्देशी_मिरची

ताई, तुम्ही भाजणीच्या माणूस, तुम्हाला माफ. पण वांग्याला आधी तेलाचा हात लावा आणि भाजल्यावर बडगीत कुटा, मिक्सरला नाही. पातीचा कांदा सढळ हाताने. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, ते उगाच नाही.

---

प्रशासक

भरताचा धागा पाककृती विभागात आहे. इथे मूळ विषयावर बोलूया.

---

निळाई

मूळ विषयावर. मी एका नगरपालिकेच्या शाळेत शिकवते. गेल्या वर्षी नववीच्या मुलींनी विचारलं, "मॅडम, पुस्तकात सगळे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याबद्दल लिहितात, त्याच्या मुलीला शाळेत काय म्हणतात ते कोणी लिहितं का?" विचारणारी मुलगी त्या घरातलीच होती. मला तिच्या हातात द्यायला पटकन पुस्तक सुचलं नाही. सदानंद देशमुखांची 'बारोमास' घरातल्या सगळ्यांची तगमग दाखवते, पण ती नववीत झेपेल का याची खात्री नव्हती. शेवटी तिलाच म्हटलं, तू लिही. तिने चार पानं लिहून आणली. मी वर्गात वाचली नाहीत, तिने सांगितलं होतं वाचू नका. माझ्या कपाटात आहेत.

म्हणून मला त्या बाई फार महत्त्वाच्या वाटतात. त्या लेखकाला प्रश्न विचारायला उठल्या नव्हत्या. पुस्तकात राहून गेलेलं सांगायला उठल्या होत्या. गावावरच्या पुस्तकाची अशी दुरुस्ती गावच करू शकतं, आणि त्यासाठी लेखकाने तिथे येऊन बसणं भाग आहे. माझ्या मते त्याचं देणं इथपर्यंत आहे. आधी परवानगी मागायची गरज नाही, पण छापून झाल्यावर समोर यायचं, आणि कोणी उठलं तर ऐकायचं.

---

कथेकरी_उमेश

निळाई, तुमच्या प्रतिसादाला काही जोडावंसं वाटत नाही. त्या मुलीला लिहीत ठेवा.

---

वऱ्हाडी_ठसा

निळाईताईशी सहमत. पन लेखक बोलावल्याशिवाय येत नाही अन् आपन बोलावतो फक्त पुरस्कार भेटल्यावर. त्या वाचनालयाचं कौतुक करा आधी.

---

वाचनालय_ताई

आज पहिल्यांदाच लिहिते आहे. मी त्याच वाचनालयात काम करते. शेवंताताईंनी नाव लिहिलं नाही याबद्दल आभार, मीही लिहिणार नाही.

आधी बोलावण्याबद्दल. आमच्या कार्यकारिणीत यावरून दोन तट पडले होते. एक सदस्य त्या पतसंस्थेच्या जुन्या संचालकांचे व्याही आहेत. ते म्हणाले, पाहुणा बोलवायचा तर विनोदी लेखक बोलवा. गुरुजी, जे सभेत तावातावाने बोलले, तेच बैठकीत म्हणाले होते, "बोलवा त्याला, मला त्याला तोंडावर विचारायचंय." त्यांच्या त्या एका वाक्यावर ठराव झाला. वर्गणीदारांच्या नोंदवहीत त्या पुस्तकाची मागणी वर्षभर सर्वांत जास्त आहे, हेही मी बैठकीत दाखवलं होतं.

त्या बाई जवळच्या खेड्यातून येतात. त्यांनी ते पुस्तक बरेच महिने परत केलं नव्हतं. मी दंड लावला नाही. कार्यक्रमाच्या आधी आल्या आणि विचारलं, बाईमाणसाला बोलू देतात का. मी म्हटलं, मागे बसा, माईक आणून देते. म्हणजे त्या ठरवून आल्या होत्या. भावनेच्या भरात काही निघून गेलं असं नव्हतं.

आता सोमवार. सोमवार इथल्या बाजाराचा दिवस. त्यांची आई खेड्यातून मिरच्या, लिंबं विकायला यायची. विकून झालं की संस्थेत जाऊन थोडे पैसे भरायची आणि शेवटची गाडी पकडायची. संस्था बंद पडल्यावर बाजार होताच, गाडीही होतीच, फक्त मधला तेवढा वेळ रिकामा झाला. तेवढा वेळ ती शटरसमोर उभी राहायची.

हे त्या बाईंनी लेखकांना कार्यक्रम संपल्यावर माझ्या टेबलाजवळ सांगितलं. चहा तेव्हा पलीकडच्या खोलीत चालू होता, म्हणून शेवंताताईंना माहीत नसावं. लेखकांनी वही उघडून, लिहिलेलं पान त्यांच्यासमोर धरलं आणि म्हणाले, नको असेल तर फाडून टाका. त्यांनी वाचलं. म्हणाल्या, "ठेवा. पण मिरच्यांचं लिहा. आई भिकारी नव्हती, धंदा करत होती. तुमच्या पुस्तकातली म्हातारी भिकारी वाटते."

---

शेवंता_वाचते

वाचनालय_ताई, तुमचे खूप आभार. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मिरच्यांचं वाचून मी ती कादंबरी पुन्हा काढली. खरंच, त्या म्हातारीला पुस्तकात काही कामच नाही. ती नुसती दारात बसते. पहिल्यांदा वाचताना मला हे खटकलं नव्हतं.

---

अनुजा_क

पान समोर धरलं, फाडायची मुभा दिली, हे चांगलं केलं. वहीबद्दलचा माझा राग बराच कमी झाला. आधी बघायचं, मग लिहायचं, हे माझं मत मात्र तसंच आहे.

आणि त्या बाईंचं 'भिकारी नव्हती, धंदा करत होती' हे वाक्य माझ्या आजोबांनी म्हणायला हवं होतं असं वाटून गेलं. त्यांच्यावरच्या कथेतही ते नुसते सोसणारे होते. प्रत्यक्षात संपाच्या काळात ते अख्ख्या कॉलनीच्या धान्याचा हिशोब ठेवायचे.

एक विचारते. आपण सगळे पुस्तकाबद्दल बोलतोय. त्या आईच्या पैशाचं पुढे काय झालं? ते मिळू शकतात का? जमाखर्च काका?

---

जमाखर्च

हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत.

संस्था अवसायनात गेली असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात अवसायक कोण आहे ते कळेल. अवसायकाकडे ठेवीदारांनी लेखी मागणी द्यायची असते. पैसे लगेच मिळतील असं मी म्हणणार नाही. कर्जवसुली आणि मालमत्ता विक्रीतून जे येईल त्यातूनच वाटप होतं, आणि ते बरेचदा पूर्ण रकमेचं नसतं. पण ज्याची मागणी नोंदलेली नाही, त्याचं नाव यादीत शोधत बसायला कोणी येत नाही. छोट्या ठेवीदारांनी नाद सोडला की त्यांचं राहूनच जातं.

दुसरं, ठेवीदारांपैकी कोणी पोलिसांत तक्रार केली असेल आणि ठेवीदारांच्या हितसंबंध संरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा लावला गेला असेल, तर संचालकांच्या मालमत्ता जप्त होऊ शकतात. त्यासाठी सक्षम प्राधिकारी नेमला जातो आणि विशेष न्यायालयामार्फत वाटप होतं. तसं असेल तर तिथेही नाव नोंदवावं लागेल.

खातेदार वारलेली आहे, म्हणून आईचा मृत्यूचा दाखला, नामनिर्देशन कोणाचं आहे ते, आणि नसेल तर वारस असल्याचा पुरावा लागेल.

---

वाचनालय_ताई

काका, त्या येत्या सोमवारी बाजाराला येतीलच. पासबुक त्यांच्याकडे आहे, त्या दिवशी पिशवीत होतं, मी पाहिलंय. सहायक निबंधक कार्यालय वाचनालयापासून लांब नाही, मी सोबत जाईन. अर्ज कसा लिहायचा तेवढं सांगाल का? अशी आणखी काही माणसं आहेत खेड्यांत, त्यांनाही बोलावते.

---

जमाखर्च

नमुना आज रात्री इथेच टाकतो, सगळ्यांना वापरता येईल. दोन प्रती करा आणि एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. मूळ पासबुक कोणाच्या हातात सोडू नका, झेरॉक्सच द्या. पहिल्या पानाची झेरॉक्स विसरू नका. खाते क्रमांक आणि नामनिर्देशनाची नोंद असली तर तिथेच असते.

---

चकली_भाजणी

काका, नमुना माझ्यासाठीही. सासूबाईंची पावती सापडली. मुदत मार्चमध्ये संपतेय, मुदतीआधी मोडायला सांगू का?